घरी मॉन्टेसरी आणि पेन्सिल्व्हेनियाचा कायदा: कागदावर काय लिहायचं, काय नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही ऑगस्टमध्ये न्यू जर्सीतल्या एडिसनहून पेन्सिल्व्हेनियातल्या एक्स्टनला राहायला जातोय. मुलगी मे महिन्यात सहा पूर्ण झाली, मुलगा चार वर्षांचा आहे. जानेवारीपासून दोघांना घरीच मॉन्टेसरी पद्धतीने शिकवतेय. न्यू जर्सीत कुणाला काही कळवावं लागलं नाही. आता मैत्रीण सांगते, पेन्सिल्व्हेनियात अ‍ॅफिडेव्हिट, पोर्टफोलिओ, परीक्षा, सगळं लागतं. आमच्याकडे इयत्ता नाही, वर्कशीट नाही, तासांचं वेळापत्रक नाही. मग दाखवायचं काय? आणि घरात आम्ही मराठीच बोलतो, त्याची अडचण येईल का?"

पहिल्यांदा धास्ती कमी करते. पेन्सिल्व्हेनियाचा कायदा तुम्ही कोणत्या पद्धतीने शिकवता हे विचारत नाही. तो विचारतो ते असं: कोणते विषय शिकवले, किती दिवस शिकवले, आणि मूल वर्षभरात पुढे गेलं हे कुठे दिसतं. त्यामुळे मॉन्टेसरीची परवानगी मागायची नाही, आणि मॉन्टेसरीचं समर्थनही करायचं नाही. घरात जे रोज घडतं ते कायद्याच्या विषयांच्या नावाखाली मांडायचं, एवढंच काम आहे. ते नीट करायला मात्र शिकावं लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी याच राज्यात मॉन्टेसरी शाळेत सहा ते नऊच्या वर्गावर शिकवते, माझी दोन्ही मुलं काही वर्षं घरी शिकली, आणि दर मे-जूनमध्ये होमस्कूलिंग करणाऱ्या कुटुंबांची वार्षिक मूल्यमापनं करते. मी वकील नाही. पण हा कायदा मी ओळन् ओळ वाचलाय, आणि तुम्हीही वाचावा. राज्याच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर तो आहे, फार मोठा नाही, आणि त्यातली भाषा वाटते तितकी अवघड नाही. मैत्रिणींकडून ऐकलेल्या कायद्यावर विसंबून मी बऱ्याच आयांना उगाच रात्र-रात्र जागताना पाहिलंय.

न्यू जर्सीत तुम्ही काही चुकवलं नाही. अमेरिकेत होमस्कूलिंगचा देशभराचा एक कायदा नाही. शिक्षण हा राज्यांचा विषय आहे, आणि पन्नासही राज्यांत होमस्कूलिंग कायदेशीर असलं तरी प्रत्येकाची अट वेगळी. न्यू जर्सीचा कायदा सहा ते सोळा वयाच्या मुलांना शाळेत पाठवा, नाहीतर शाळेबाहेर त्या तोडीचं शिक्षण द्या, असं म्हणतो. १९६७ साली मॅसा खटल्यात तिथल्या न्यायालयाने या 'तोडीचं' शब्दाचा अर्थ फक्त अभ्यासापुरता घेतला. शाळेसारखा समवयस्कांचा सहवास घरी मिळतो का, हे त्यात मोजायचं नाही असं सांगितलं. म्हणून तुम्हाला तिथे कुणाला काही कळवावं लागलं नाही. डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला की चित्र बदलतं. पेन्सिल्व्हेनियात १९८८ साली खास घरच्या शिक्षणासाठी कायदा झाला, आणि त्यात काय लागतं ते नेमकं लिहून ठेवलंय. मला हे नेमकेपण आवडतं. काय लागतं ते लिहिलेलं असलं की काय लागत नाही तेही कळतं.

आता कागदांकडे येते. सक्तीच्या शिक्षणाचं वय इथे सहा ते अठरा आहे. मुलगी सहा पूर्ण झालीये, म्हणजे तिच्यासाठी नव्या घराच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या सुपरिंटेंडेंटकडे (तिथल्या सरकारी शाळांच्या प्रमुख अधिकाऱ्याकडे) अ‍ॅफिडेव्हिट द्यायचं. हे शपथपत्र शिकवणं सुरू करण्याआधी द्यायचं असतं, आणि पुढे दरवर्षी १ ऑगस्टपर्यंत. नोटरीकडे जायला जमत नसेल तर त्याऐवजी शपथेविना केलेलं लेखी निवेदनही चालतं, त्याचा नमुना खात्याकडे मिळतो. त्यात पालकाचं नाव, मुलाचं नाव आणि वय, पत्ता, फोन. शिकवणाऱ्या पालकाकडे हायस्कूल डिप्लोमा किंवा त्याच्या तोडीचं प्रमाणपत्र असल्याचं (तुमची भारतातली बारावी किंवा पदवी असेलच, प्रत काढून घरी ठेवा). घरातल्या प्रौढांपैकी कुणाला गेल्या पाच वर्षांत कायद्यात नमूद केलेल्या गुन्ह्यांत शिक्षा झालेली नसल्याचं. लसीकरणाचा आणि वैद्यकीय तपासणीचा पुरावा. आणि विषयवार उद्दिष्टांची एक रूपरेषा. आजी-आजोबा सहा महिने राहायला येणार असतील तर 'घरातले प्रौढ' या शब्दात तेही येतात, हे विसरू नका.

नाव आणि वय असं लिहिलंय, पुन्हा वाचा. इयत्ता नाही. मॉन्टेसरीत सहा ते नऊ हा सलग तीन वर्षांचा टप्पा असतो, आणि बहुतेक पालकांना वाटतं की तो 'पहिली, दुसरी, तिसरी' असा तोडून दाखवावा लागेल. अ‍ॅफिडेव्हिटमध्ये तरी लागत नाही.

मुलाचं, म्हणजे चार वर्षांच्या धाकट्याचं काहीही भरू नका. उत्साहाच्या भरात दोघांचीही नावं घालणारे पालक मी पाहिलेत. सहाच्या आत कायदा त्याला विचारत नाही; पण एकदा का तुम्ही आपणहून त्याला कार्यक्रमात नोंदवलंत की दिवस, विषय, मूल्यमापन हे सगळं त्यालाही लागायला लागतं. त्याला त्याचा गुलाबी मनोरा रचू दे आणि पाणी ओतू दे निवांत.

उद्दिष्टांच्या रूपरेषेवर जरा थांबते, कारण मॉन्टेसरीवाले सगळ्यात जास्त इथेच अडखळतात. मीही अडखळले होते. पहिल्या वर्षी मी डिस्ट्रिक्टला चौदा पानं लिहून पाठवली. संवेदनक्षम काळ काय असतो, साधनांमागचा विचार काय, मुलाला काम निवडू का द्यायचं, सगळं पोटतिडकीने समजावलं होतं. उत्तरादाखल प्रश्नांची यादी आली. वाचनासाठी कोणती पाठ्यपुस्तकमाला वापरणार? गणिताची साप्ताहिक चाचणी कधी? मुलाने काम 'निवडलं नाही' तर काय करणार? त्या कार्यालयातल्या माणसांना दोष देत नाही. मीच त्यांच्यापुढे असे प्रश्न ठेवले होते, जे कायद्याने त्यांना विचारायला सांगितलेच नव्हते. दुसऱ्या वर्षी एक पान पाठवलं. प्रत्येक विषयापुढे दोन ओळी. ते मुकाट्याने दाखल झालं.

आणि कायद्यात या रूपरेषेबद्दल एक वाक्य आहे, ते पेन्सिलने अधोरेखित करून ठेवा: तुमचा कार्यक्रम कायद्याप्रमाणे चालला आहे की नाही हे ठरवताना सुपरिंटेंडेंटने ही रूपरेषा वापरायची नाही. म्हणजे ती बंधन नाही, दिशा आहे. ऑक्टोबरात मुलगी एकाएकी ज्वालामुखींच्या मागे लागली आणि तुम्ही लिहिलेला वनस्पतींचा भाग मार्चपर्यंत लांबला, तर तुमच्याकडून काही मोडलं असं होत नाही. 'मुलाचं बोट धरून चालायचं' हे मॉन्टेसरीचं जे मर्म आहे, त्याला कायद्याने इथे जागा ठेवली आहे, आणि पालकांना ते माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं.

विषय कोणते, ते सांगते. प्राथमिक स्तरावर इंग्रजी (त्यात शुद्धलेखन, वाचन, लेखन), अंकगणित, विज्ञान, भूगोल, अमेरिकेचा आणि पेन्सिल्व्हेनियाचा इतिहास, नागरिकशास्त्र, सुरक्षेचं शिक्षण आणि त्यात आगीचे धोके व प्रतिबंध हे नियमितपणे, आरोग्य व शरीरशास्त्र, शारीरिक शिक्षण, संगीत, चित्रकला. कुठल्या विषयाला किती मिनिटं, याचा उल्लेख नाही. वर्षाचे १८० दिवस किंवा प्राथमिक स्तराला ९०० तास. यातलं एकच मोजायचं आहे. तुम्ही दिवस मोजा. मॉन्टेसरी घरात तास मोजायला बसलं की आई घड्याळाकडे बघायला लागते, आणि मूल मण्यांची साखळी मोजण्यात पाऊण तास गुंग असताना तिला 'आता पुरे, भूगोल राहिला' असं वाटायला लागतं. असं होऊ देऊ नका.

आता शेल्फवर मॉन्टेसरीची जी साधनं आहेत ती या नावांखाली कशी बसतात? सोनेरी मणी, स्टॅम्प गेम, मण्यांच्या साखळ्या हे उघडच अंकगणित. खरखरीत अक्षरं आणि सुटी अक्षरं म्हणजे शुद्धलेखन आणि लेखन. व्याकरणाची रंगीत चिन्हं म्हणजे इंग्रजी. धातूच्या चौकटी हाताला वळण लावतात, पण त्यातून जी नक्षी तयार होते ती चित्रकलेतही धरता येते. मी तिचे नमुने दोन्ही ठिकाणी ठेवते. घंटांचा संच नसला तरी चालतं, गाणं आणि ताल हे संगीतच. भूखंडांचे नकाशे भूगोल. पान, फूल, मासा यांची तीन भागांची कार्डं विज्ञान. जीवनव्यवहाराची कामं, म्हणजे हात धुणं, भाजी चिरणं, कपड्यांच्या घड्या, यांना कायद्यात स्वतंत्र नाव नाही, म्हणून पालक ती नोंदवतच नाहीत. नोंदवा. सुरी धरायला शिकणं हे सुरक्षा शिक्षण आहे, भाज्या धुऊन ताट वाढणं हे आरोग्य आहे. आणि आगीचे धोके? आपल्या घरात संध्याकाळी समई लागते. काडी कशी पेटवायची, ओढणी कशी आवरायची, ज्योतीच्या वर हात का न्यायचा नाही, काडी विझवून पाण्यात का टाकायची, हे सहा वर्षांच्या मुलीला शिकवणं हा अगदी मॉन्टेसरीचा धडा आहे आणि कायद्यातलं कलमही. त्याला जोड म्हणून जवळच्या फायर स्टेशनला भेट आणि घरातून बाहेर पडायच्या दोन वाटांचा नकाशा, झालं.

प्रत्येक गोष्ट मात्र अशी आपोआप बसत नाही, आणि हे मोकळेपणाने सांगायला हवं. मॉन्टेसरीचा सहा ते नऊचा इतिहास विश्वाच्या जन्मापासून सुरू होतो. जीवसृष्टीची कालपट्टी, मग माणूस. हा विचार डॉ. मॉन्टेसरी १९३९ साली भारतात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत तिथेच राहिल्या त्या काळात, कोडाईकनालला आकाराला आला. मला तो त्यांच्या कामातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. पण या कालपट्टीवर पेन्सिल्व्हेनिया येत नाही. तो तुम्हाला मुद्दाम आणावा लागेल. तुम्ही राहणार त्या भागात हे सोपं आहे. एक्स्टनहून व्हॅली फोर्ज हाकेच्या अंतरावर आहे; वॉशिंग्टनच्या सैन्याने १७७७-७८ चा हिवाळा तिथे काढला, आणि त्या लाकडी झोपड्यांच्या प्रतिकृती मुलांना आत शिरून बघता येतात. फिलाडेल्फियात १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७ ची राज्यघटना एकाच इमारतीत झाली, ती इमारत दाखवा. विल्यम पेनला १६८१ साली मिळालेली सनद आणि त्याच्या आधीपासून इथे राहणारे लेनापे लोक, एवढं पहिल्या वर्षाला भरपूर आहे. आल्यावर कागदाची पट्टी घेऊन मुलीला कालपट्टी करू द्या. नागरिकशास्त्रासाठी टपाल कार्यालय, ग्रंथालय, मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेरून एक फेरी. हे मॉन्टेसरीच्या विरोधात काही नाही. 'बाहेर पडणं' हा तर सहानंतरच्या मॉन्टेसरीचा गाभाच आहे.

पोर्टफोलिओत तीन गोष्टी येतात: त्या-त्या वेळी लिहिलेला लॉग, ज्यात वाचनसाहित्याची नावं आहेत, मुलाच्या कामाचे नमुने, आणि तिसरी, पाचवी, आठवीत प्रमाणित परीक्षेचे निकाल.

लॉग ऐकून घाबरू नका, कारण तुम्ही तो बहुधा आधीच लिहिताय. मॉन्टेसरी शिक्षिकेचं पहिलं काम निरीक्षण. कोणतं साधन दाखवलं, मुलाने ते पुन्हा कधी उचललं, कुठे अडलं, कधी सोडून दिलं, हे टिपण्याची वही नसेल तर पुढचा धडा कधी द्यायचा हेच कळत नाही. तीच वही थोडी शिस्तीत ठेवली की कायद्याचा लॉग होतो. माझ्या वहीतली एक नोंद सांगते: "१७ सप्टेंबर. सोनेरी मण्यांनी चार अंकी बेरीज. दहा सुटे मणी झाल्यावर स्वतःच उठून दशकाची कांडी घेऊन आला, मी काही बोलले नव्हते. दोन उदाहरणं वहीत. दुपारी बेडकावरचं पुस्तक मोठ्याने वाचून दाखवलं, नाव अमुक. अंगणात बेडूक शोधायला गेलो, सापडला नाही." समासात तीन अक्षरं: गणितासाठी ग, वाचनासाठी वा, विज्ञानासाठी वि. रोज पाच मिनिटं. जूनमध्ये बसून वर्ष आठवत लिहू नका. कायदा 'त्या-त्या वेळी' म्हणतो, आणि आठवून लिहिलेला लॉग वाचणाऱ्याला लगेच कळतो.

वाचनसाहित्याची नावं ही मॉन्टेसरी घरांत राहून जाणारी गोष्ट. मूल पुस्तकापेक्षा साधनांवर जास्त वेळ असतं, म्हणून आया म्हणतात, लिहायला काही नाही. ग्रंथालयातून आणलेलं प्रत्येक पुस्तक लिहा, तुम्ही वाचून दाखवलेलंही. ग्रंथालयाच्या पावत्या एका पाकिटात टाकत गेलात तरी यादी तयार होते.

नमुन्यांचंही तसंच. मण्यांचं काम गोळा करून परत पेटीत जातं, कागद उरत नाही. म्हणून फोटो काढा, तारीख घाला. हजार मण्यांची साखळी पसरली की तिचा फोटो, मुलीने लावलेल्या चिठ्ठ्यांसकट. पण नुसत्या फोटोंवर थांबू नका. दर विषयाचे सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे असे दोन-तीन कागद असू द्या: सप्टेंबरातली तीन शब्दांची चिठ्ठी आणि मे महिन्यातलं अर्ध्या पानाचं पत्र शेजारी-शेजारी ठेवलं की प्रगती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. फक्त पोर्टफोलिओसाठी म्हणून वर्कशीटचे गठ्ठे छापून मुलीला भरायला बसवू नका. कायदा वर्कशीट 'किंवा' सर्जनशील काम असं म्हणतो. त्या 'किंवा'मध्ये तुमचं अख्खं मॉन्टेसरी बसतं.

परीक्षेला अजून अवकाश आहे. तिसरीच्या वर्षी, म्हणजे साधारण आठ-नऊच्या वयात, वाचन-भाषा आणि गणित या दोनच विषयांची राष्ट्रीय प्रमाणित परीक्षा द्यायची. ती आई-वडिलांनी स्वतः घ्यायची नाही. कायद्यात किमान गुणांची अट नाही. निकाल पोर्टफोलिओत जातो. मॉन्टेसरी मुलांना अडचण गणिताची येत नाही, गोल काळे करण्याची आणि वेळ लावून बसण्याची येते. परीक्षेआधी दोन आठवडे नमुना कागद 'एक नवं साधन' म्हणून शेल्फवर ठेवा, कसं वापरायचं ते दाखवा. एवढी तयारी पुरते.

मराठीचं सांगते. अ‍ॅफिडेव्हिटमध्ये तुम्ही असं लिहून देता की हे विषय इंग्रजीत शिकवले जातात. ते खरं असायला हवं, म्हणून ठरलेल्या विषयांचं काम, त्यातले शब्द, त्यावरचं लेखन इंग्रजीत होईल असं बघा. पण घरात मराठी बोलू नका असं कायदा कुठेही म्हणत नाही, आणि मराठी वाचन-लेखन हा तुमचा जास्तीचा विषय म्हणून खुशाल लिहा. मी तर सांगेन, देवनागरीची खरखरीत अक्षरं करा. सॅण्डपेपर कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचा, दोन संध्याकाळींचं काम आहे. मराठीत मॉन्टेसरी हे काही आपण अमेरिकेत येऊन शोधलेलं नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा केला. ताराबाईंनी पुढे बोर्डीला आणि अनुताई वाघांसोबत कोसबाडला, महाग साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांवर बालशिक्षण उभं केलं. तुम्हाला कुणी सांगेल की पूर्ण संच विकत घेतल्याशिवाय घरी मॉन्टेसरी होत नाही, तेव्हा कोसबाड आठवा.

विकत घेण्यावरून आणखी एक. 'मान्यताप्राप्त मॉन्टेसरी होमस्कूल अभ्यासक्रम' अशा जाहिराती दिसतील. पेन्सिल्व्हेनियाला तुमचा अभ्यासक्रम मान्यताप्राप्त असावा लागत नाही. आणि अमेरिकेत 'मॉन्टेसरी' हे नाव कुणा एकाच्या मालकीचंही नाही. १९६७ सालीच ट्रेडमार्कच्या वादात तो सर्वसामान्य शब्द ठरला. त्यामुळे नावावर जाऊ नका. आत काय आहे ते बघून आवडलं तर घ्या.

दुसऱ्या राज्यांतल्या मैत्रिणींचे सल्ले ऐकताना त्यांचं राज्य कोणतं हे आधी विचारा. टेक्सासवाली म्हणेल काही लागत नाही. तिथे १९९४ च्या लीपर निकालापासून घरची शाळा खासगी शाळा धरली जाते. कॅलिफोर्नियावाली म्हणेल ऑक्टोबरात एक अ‍ॅफिडेव्हिट भरलं की झालं. ते अ‍ॅफिडेव्हिट वेगळं, तिथे पालक स्वतःच्या घराची खासगी शाळा म्हणून नोंद करतात. सिअ‍ॅटलकडची सांगेल आठ वर्षांपर्यंत थांब, कारण वॉशिंग्टन राज्यात सक्तीचं वय आठपासून आहे. मॅसॅच्युसेट्सवालीला सुरू करण्याआधी मंजुरी घ्यावी लागते. आणि न्यूयॉर्कवाली तुम्हाला सगळ्यात जास्त घाबरवेल, कारण तिला जुलैच्या सुरुवातीला सूचनापत्र, मग वर्षाचा आराखडा, मग वर्षातून चार तिमाही अहवाल आणि शेवटी मूल्यमापन असं सगळं करावं लागतं. तिथल्या तिमाही अहवालात मॉन्टेसरीचा सलग टप्पा बसवणं खरोखर कठीण जातं. सगळ्यांचं आपापल्या राज्यापुरतं बरोबर आहे. तुमच्या कामाचं यातलं काही नाही.

एक गोष्ट काळजीने सांगते, कारण ती दरवर्षी कुणीतरी विचारतं. एक्स्टनला आणखी दोन-तीन मराठी घरं मुलं पाठवायला तयार होतील, थोडे पैसेही देतील. हे करू नका. पेन्सिल्व्हेनियाचा घरच्या शिक्षणाचा कायदा पालकाने आपल्या मुलांना शिकवण्यापुरता आहे. फी घेऊन दुसऱ्यांची मुलं घेतली की परवान्यांचा वेगळाच विषय सुरू होतो. आणि तुम्ही एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर असाल आणि कामाचा परवाना नसेल, तर पैसे घेऊन शिकवणं हा व्हिसाचा प्रश्न होतो, जो शाळेच्या प्रश्नापेक्षा कितीतरी गंभीर आहे. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र जमून आळीपाळीने गाणी, बागकाम करणं वेगळं. ते जरूर करा, मुलांना ते लागतं.

पुढे-मागे भारतात परतायचा विचार असेल तर दरवर्षीचं मूल्यमापनाचं पत्र आणि पोर्टफोलिओ जपून ठेवा, शाळाप्रवेशाच्या वेळी दाखवायला ते हाताशी असतं. तिथे शिक्षण हक्क कायदा २००९ चा, सहा ते चौदा वयाचा, आणि त्यात घरच्या शिक्षणाची वेगळी चौकट नाही. घरी शिकणारी बरीच मुलं राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) परीक्षा देतात. तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे तीन स्तर तिथे आहेत.

आता राहिलं वार्षिक मूल्यमापन, ज्याला आया सगळ्यात जास्त घाबरतात. पूर्वी अख्खा पोर्टफोलिओ सुपरिंटेंडेंटकडे न्यावा लागे. २०१४ साली कायदा बदलला. आता पोर्टफोलिओ फक्त तुम्ही निवडलेला इव्हॅल्युएटर (मूल्यमापनकर्ता) पाहतो आणि त्याचं प्रमाणपत्र तेवढं ३० जूनपर्यंत डिस्ट्रिक्टकडे जातं. अजूनही कुणी पोर्टफोलिओच मागितला तर हे नम्रपणे लेखी कळवा. इव्हॅल्युएटर तुम्हाला निवडता येतो. परवानाधारक मानसतज्ज्ञ, किंवा राज्याचा प्रमाणित शिक्षक, किंवा खासगी शाळेतला शिक्षक. खासगी शाळेतला शिक्षक असेल तर त्याने गेल्या दहा वर्षांत या राज्यात किमान दोन वर्षं शिकवलेलं असावं. तुम्ही किंवा तुमचे यजमान इव्हॅल्युएटर होऊ शकत नाही. मॉन्टेसरी शाळेत शिकवणारं कुणी मिळालं तर उत्तम, नाहीतर साध्या शाळेतली पण खेळीमेळीची, ऐकून घेणारी शिक्षिका बघा. मे महिन्यात सगळ्यांची धावपळ असते, म्हणून हिवाळ्यातच बोलून ठेवा.

इव्हॅल्युएटरने काय बघायचं तेही कायद्यात लिहिलंय: ठरलेले विषय, ठरलेला काळ, आणि एकूण कार्यक्रमात मुलाची सातत्याने झालेली प्रगती. एकूण कार्यक्रमात, असे शब्द आहेत. वाचन उशिरा उमललं आणि गणित भराभर पुढे गेलं, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मुलाची मुलाखत असते, पण ती तोंडी परीक्षा नसते. मी तरी कधी मुलाला समोर बसवून प्रश्नांची सरबत्ती करत नाही. 'तुला आवडलेलं एक काम दाखवशील?' एवढंच विचारते आणि खाली बसते.

मागे एका घरी सात वर्षांची मुलगी होती, आईने तिला आठवडाभर इंग्रजी वाक्यं पाठ करून ठेवली होती. मला बघून ती सगळी विसरली. मी विचारलं तेव्हा आतून हजाराची साखळी घेऊन आली, दिवाणखान्यापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पसरली, आणि मला हाताला धरून शेवटच्या मण्यापाशी नेलं. अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत सांगत होती, की हीच साखळी गुंडाळली तर शंभराच्या दहा चौकोनांएवढी होते आणि ते एकावर एक ठेवले तर घन होतो. मग तिने तो करून दाखवला. आई दारात उभी होती, तिच्या हातात पोर्टफोलिओची फाइल तशीच होती. मी अंकगणिताच्या रकान्यात लिहायला सुरुवात केली.

तुमचं भाडेकरारपत्र झालं आणि पत्ता पक्का झाला की अ‍ॅफिडेव्हिट भरा, रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा किंवा हाती देऊन पोच घ्या, आणि त्याची प्रत फाइलमध्ये पहिल्या पानावर लावा. रूपरेषेचं एक पान लिहिलंत की मला पाठवा, मी बघून देईन.